पंगत, फेर आणि कंकण

पंगत बसायची वेळ झाली की पहिल्या पानावर कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. यजमान एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाला हात धरून तेथे नेतात, ते "असू द्या, असू द्या" म्हणत संकोचाने बसतात, आणि वाढपीही तेथूनच वाढायला आरंभ करतो. भोंडल्याच्या फेरात असे मानाचे पान नाही. मध्ये पाटावर हत्ती काढलेला असतो, मुली एकमेकींचे हात धरून त्याच्याभोवती फिरू लागतात, आणि फेर एकदा फिरू लागला की पहिली कोण नि शेवटची कोण हे सांगण्याची सोय राहत नाही. प्रत्येक मुलीला दोन शेजारणी, एक उजव्या हाताला नि एक डाव्या हाताला. तिच्या दृष्टीने फेर म्हणजे एवढेच.

आता प्रश्न असा की, सात जणांची पंगत किती प्रकारांनी बसवता येईल आणि सात मुलींचा फेर किती प्रकारांनी धरता येईल? पंगतीचा हिशेब सरळ आहे. पहिल्या पानावर सातांपैकी कोणीही बसेल, दुसऱ्यावर उरलेल्या सहांपैकी कोणीही, तिसऱ्यावर पाचांपैकी; असे करीत ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ५०४० प्रकार होतात. या गुणाकाराला गणितात सातचे क्रमगुणित म्हणतात. सात माणसे म्हणजे काही मोठा गोतावळा नव्हे. पण रोज एक पंगत नव्या क्रमाने बसवायची म्हटली तर जवळजवळ चौदा वर्षे पुरेल!

फेराचा हिशेब या पंगतीवरूनच काढता येतो. सात मुलींचा एक फेर घ्या आणि कोठेतरी दोघींचे हात सोडवून तो सरळ करा. एक रांग मिळेल. पण हात सोडवायच्या जागा सात आहेत, म्हणून त्याच एका फेरातून सात निरनिराळ्या रांगा निघतात. उलट पाहिले तर त्या सातही रांगा टोकाला टोक जोडून वळवल्या की एकच फेर होतो. तेव्हा ५०४० ला ७ ने भागा. ७२० फेर झाले. ज्यांना भागाकार रुचत नसेल त्यांनी दुसरी वाट धरावी. सुमनला एका जागी उभी करा आणि बाकीच्या सहा जणींना तिच्या उजव्या हातापासून क्रमाने उभ्या करा. सुमन हीच आता पहिले पान झाली! सहा जणींची रांग ७२० प्रकारांनी लागते, म्हणजे उत्तर तेच. आमच्या पाठ्यपुस्तकांत "एकाने कमी करून क्रमगुणित घ्यावे" असा जो नियम असतो, त्याच्या पोटात एवढीच युक्ती आहे.

हा नियम पाठ करणारे विद्यार्थी मात्र एके ठिकाणी हमखास अडखळतात. प्रश्नात 'गोल टेबल' हे शब्द दिसले की त्यांचा हात एकाने कमी करायला शिवशिवतो. समजा, सभागृहात गोल टेबल आहे, पण अध्यक्षांची खुर्ची उंच पाठीची आहे, एक खुर्ची खिडकीशी आहे आणि एक नेमकी पंख्याखाली. येथे सर्वांनी एकेक खुर्ची सरकून बसावे म्हटले तर कोणी तयार होईल काय? पंख्याखालचा गृहस्थ तर मुळीच होणार नाही. अशा ठिकाणी टेबल गोल असूनही मांडण्या ५०४०च. टेबलाचा आकार ही सुताराची बाब झाली. आपण विचारायचे ते हे की, सर्वजण एकेक जागा सरकले तर ती मांडणी आपण तीच मानतो की वेगळी? याचे उत्तर ठरल्याशिवाय मोजायला बसूच नये.

या विषयाचे एक मोठे नाव आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे, म्हणून थोडे तिकडे वळू. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा जो शिलालेख आहे, तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला आणि त्यामुळे या घराण्याची वंशावळ आपल्याला कळली. ११५० मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या ग्रंथातला 'लीलावती' हा भाग सर्वांना नावाने तरी ठाऊक असतोच. त्याच्या शेवटाकडे 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. पाश म्हणजे फास. अंकांची ही गुंतवळ खरोखरच फासासारखी आहे. त्यात आचार्य विचारतात की, शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ इत्यादी दहा वस्तू आलटून पालटून दिल्या तर मूर्तीचे किती भेद होतील? आणि हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिले तर किती? शंभूचे भेद ३६,२८,८०० होतात आणि हरीचे २४.

हे चोवीस नुसते गणितातले नाहीत. संध्येच्या आचमनात केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे घेतात, त्या विष्णूच्या चोवीस मूर्ती. आणि मूर्तिशास्त्रात त्या एकमेकींपासून ओळखायच्या त्या हातांतल्या आयुधांच्या क्रमावरूनच. चार वस्तूंच्या चोवीस मांडण्या, म्हणून चोवीस मूर्ती. एकही मांडणी वाया गेलेली नाही. देवाचा उजवा हात आणि डावा हात, वरचा हात आणि खालचा हात यांत भेद आहे, म्हणून येथे कोणी चाराने भागत नाही. ही पंख्याखालच्या खुर्चीचीच गोष्ट झाली!

पण क्षणभर आपण भागून पाहू. उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने आयुधे वाचायची, असा संकेत आहे. अग्निपुराणात केशवाचा क्रम पद्म, शंख, चक्र, गदा असा दिला आहे. नारायणाचा शंख, पद्म, गदा, चक्र. माधवाचा गदा, चक्र, शंख, पद्म. आणि गोविंदाचा चक्र, गदा, पद्म, शंख. (पुढच्या काही नावांबद्दल ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत; त्यांत आपण पडू नये.) आता ही आयुधे हातांतून काढून एका वर्तुळात ठेवली आहेत, अशी कल्पना करा. केशवाचे वर्तुळ पद्मापासून वाचले तर पद्म, शंख, चक्र, गदा. गोविंदाचे वर्तुळही पद्मापासून वाचा: पद्म, शंख, मग फिरून चक्र, गदा. म्हणजे केशव आणि गोविंद यांचे वर्तुळ एकच. नुसते दोन हात पुढे फिरवलेले. नारायण आणि माधव यांचेही असेच. दोघांचे वर्तुळ पद्म, गदा, चक्र, शंख. चोवीस मूर्तींचे असे चारचारांचे सहा गट पडतात, आणि एकाने कमी करून क्रमगुणित घेतले तरी सहाच येतात. शिवाय आणखी एक गंमत पाहा. केशवाचे वर्तुळ उलट दिशेने वाचले की नारायणाचे मिळते. आरशात केशवाची मूर्ती पाहिली तर आयुधांचा क्रम नारायणाच्या गटातला दिसेल.

आरशाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरा करू. भोंडल्याच्या फेरात सुमनच्या उजव्या हाताला लीला आणि डाव्या हाताला कुसुम असेल, तर दोघींची अदलाबदल झालेला उलटा फेर वेगळा मानावा लागतो. मुली काही डोके खाली करून उभ्या राहत नाहीत. पण सात रंगांचे सात मणी ओवून कंकण केले, तर ते हातात घालताना कोणती बाजू पुढे येईल याचा नेम नसतो. उलटे केले की मण्यांचा क्रम उलट होतो, आणि कंकण तर तेच! म्हणून कंकणांची संख्या फेरांच्या निम्मी, म्हणजे ३६०. येथे चौकस श्रोता विचारील की, मणी दोनच असले तर? नियमाप्रमाणे एकाचे निम्मे, म्हणजे अर्धे कंकण आले. अर्धे कंकण कोणत्या सोनाराकडे मिळते? घोटाळा असा आहे की दोन मण्यांचे कंकण उलटे केले तरी जसेच्या तसे राहते. त्याला वेगळी जोडीदार मांडणीच नाही, मग निम्मे कशाचे करायचे? ही लहानशी अडचण लक्षात ठेवा. पुढे ती मोठी होऊन भेटणार आहे.

तत्पूर्वी बसण्या-बसवण्याच्या नेहमीच्या प्रश्नांचा थोडक्यात निकाल लावू. फेरातल्या सातांपैकी दोघी सख्ख्या बहिणी आहेत नि त्यांना शेजारीच उभे राहायचे आहे. त्यांना एकच समजा. मग सहा जणींचे फेर १२०, आणि बहिणींपैकी उजवीकडे कोण हे दोन प्रकारांनी, म्हणून २४०. त्यांचे भांडण झाले असेल आणि शेजारी उभे राहायचेच नसेल, तर उरलेले ४८०. भांडणाला जागा अधिक आहे, हे आकडेही सांगतात.

जोडप्यांचा प्रश्न मात्र खरोखर चिवट आहे. पाश्चात्त्य मेजवानीत गोल टेबलाभोवती स्त्री, पुरुष, स्त्री, पुरुष असे आलटून पालटून बसतात आणि नवराबायको शेजारी येऊ देत नाहीत. घरी बोलतातच, येथे दुसऱ्याशी बोलावे, हा हेतू. जोडपी तीन असतील तर तीन स्त्रिया बसल्यावर दोन स्त्रियांच्या मधल्या प्रत्येक खुर्चीवर तिसरीचाच नवरा बसू शकतो, एकच प्रकार. चार जोडपी असली तर प्रत्येक खुर्चीला दोन उमेदवार असतात, पण एकाची निवड केली की बाकीचे सर्व आपोआप ठरतात. म्हणून दोन प्रकार. पाच जोडप्यांना तेरा आणि सहांना ऐंशी. एक, दोन, तेरा, ऐंशी: या आकड्यांत काही सूत्र दिसते का? फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८९१ मध्ये हा प्रश्न जोडप्यांच्या रूपाने मांडला. त्याचे नेटके सूत्र तूशार यांनी १९३४ मध्ये दिले आणि सोपी सिद्धता कॅप्लान्स्की यांनी १९४३ मध्ये. त्यानंतरचा टप्पा मला फार आवडतो. १९८६ मध्ये बोगार्ट आणि डॉयल या दोघांनी दाखवले की प्रश्न अवघड झाला तो "आधी स्त्रियांना बसवू" या शिष्टाचारामुळे. स्त्रीपुरुष असा भेद न करता आधी जोडप्यांसाठी खुर्च्यांच्या जोड्या राखून मोजणी केली, तर तेच सूत्र सरळ हाती येते. पन्नास वर्षे गणितज्ञ सौजन्यामुळे अडले होते, असे म्हणायला हरकत नाही!

आतापर्यंत सर्व माणसे, सर्व मणी, सर्व आयुधे वेगवेगळी होती. ती सारखी असली म्हणजे काय होते, ते पाहायला आपल्या भिवंडीइतके सोयीचे गाव नाही. येथल्या यंत्रमागांवर बहुतेक कोरे कापड निघते हे खरे. पण पट्ट्यापट्ट्यांचे कापड सर्वांनी पाहिलेले आहे. समजा, ताण्याचे उभे धागे लाल आणि पांढरे असे दोनच रंगांचे आहेत आणि चार धाग्यांचा एक नमुना पुन्हा पुन्हा येतो. कापडाच्या मधोमध बोट ठेवून "नमुना येथे सुरू होतो" असे कोणाला सांगता येईल काय? लाल लाल पांढरा पांढरा, लाल लाल पांढरा पांढरा. तुम्ही दुसऱ्या लालापासून वाचा की पहिल्या पांढऱ्यापासून, कापड तेच आहे. काठ सोडला तर पुन्हा पुन्हा येणारा नमुना म्हणजे सरळ केलेला फेरच होय.

दोन लाल आणि दोन पांढरे धागे रांगेत लावायचे प्रकार किती? यासाठीही भास्कराचार्यांचा नियम आहे: चारच्या क्रमगुणिताला सारख्या वस्तूंच्या क्रमगुणितांनी भागावे. लीलावतीत २, २, १, १ हे अंक घेऊन त्यांनी हेच दाखवले आहे, उत्तर सहा. आता कापडासाठी त्या सहांना चाराने भागा. दीड आले. दीड प्रकारचे कापड! दोन मण्यांच्या कंकणाची अडचण ही अशी परत आली.

हाताने करून पाहिले की गुपित उघड होते. लाल लाल पांढरा पांढरा या नमुन्याला सरकवत गेले की चार निरनिराळ्या रांगा मिळतात. पण लाल पांढरा लाल पांढरा हा नमुना दोन घरे सरकवला की पुन्हा तोच येतो, म्हणून त्याच्यापासून दोनच रांगा निघतात. चार नि दोन सहा, कापडे दोन. सगळे गट सारखे असतील तरच भागाकार चालतो. येथे गट लहानमोठे आहेत. ज्या नमुन्याच्या अंगी सारखेपणा अधिक, त्याचा गट लहान.

मग मोजायचे कसे? चार धाग्यांचे बोटांवर झाले, सहांचे कसे करावे? येथे जी युक्ती आहे ती अत्यंत सुंदर आहे, म्हणून सावकाश सांगतो. सहा धागे, दोन रंग. रांगा २ चा सहावा घात म्हणजे ६४. सरकवण्याचे प्रकार सहा: मुळीच न सरकवणे, एक घर, दोन घरे, याप्रमाणे पाच घरांपर्यंत. प्रत्येक सरकवणीला विचारा की, तुझ्यामुळे किती रांगा जशाच्या तशा राहतात? मुळीच न सरकवले तर चौसष्टही तशाच. एक घर सरकवून तशीच राहणारी रांग एकरंगीच हवी, अशा दोन. दोन घरे सरकवून तशीच राहणारी रांग दोन धाग्यांच्या तुकड्याची तीन वेळा आवृत्ती असते, चार. तीन घरांना तीन धाग्यांचा तुकडा, आठ. चार घरे पुढे म्हणजे दोन घरे मागे; चार. पाच घरे म्हणजे एक घर मागे, दोन. बेरीज ६४ + २ + ४ + ८ + ४ + २ = ८४. तिला सहांनी भागा, १४. सहा धाग्यांची, दोन रंगांची, बरोबर चौदा वेगवेगळी कापडे.

हे का जुळते? एखाद्या नमुन्याच्या गटात जितक्या रांगा कमी, तितक्या अधिक सरकवण्या त्याला जसाच्या तसा ठेवतात. गटात सहा रांगा असतील तर प्रत्येकीला एकच सरकवणी तशी ठेवते. तीन असतील तर दोन. दोन असतील तर तीन. एकच असेल तर सहाही. गुणाकार नेहमी सहा. म्हणजे वरच्या बेरजेत लहानमोठ्या प्रत्येक गटाचा वाटा नेमका सहाच पडतो, आणि सहांनी भागल्यावर प्रत्येक गट एकदाच मोजला जातो. ही रीत बर्नसाइड या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, कारण १८९७ च्या त्यांच्या ग्रंथातून ती सर्वांना माहीत झाली. पण त्याआधी कोशी आणि फ्रोबेनियस यांना ती अवगत होती. नावाचा मान नेहमी मूळ मालकाला मिळतोच असे नाही.

कापड उलटसुलट फिरवून वरची बाजू खाली केली तर धाग्यांचा क्रम उलट होतो. तेही एकच मानले, तर चौदाचे निम्मे सात होतात काय? मुळीच नाही, तेरा होतात. चौदांपैकी बारा नमुने उलटे केले तरी तेच राहतात. फक्त 'लाल लाल पांढरा लाल पांढरा पांढरा' आणि त्याचे उलटे रूप ही एक जोडी वेगळी आहे, आणि ती एक होते. ज्यांना वेळ असेल त्यांनी काड्या मांडून खात्री करून घ्यावी.

सहा मण्यांची तेरा कंकणे हा आकडा रसायनशास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि तेथे तो केवळ करमणुकीचा राहिला नाही. कपाटात कपड्यांना कसर लागू नये म्हणून ज्या उग्र वासाच्या पांढऱ्या गोळ्या ठेवतात, त्यांपैकी काही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. बेंझिनच्या रेणूत कार्बनचे सहा अणू फेर धरून असतात आणि प्रत्येकाला हायड्रोजनचा एकेक अणू चिकटलेला असतो, ही कल्पना केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली. पण रेणू कोणी पाहिला होता? फेर आहे की रांग आहे, हे ठरवायचे कसे? मोजून! हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवीत गेले, तर फेराच्या हिशेबाने मूळ बेंझिन धरून तेराच पदार्थ व्हायला हवेत: एक क्लोरीनचा एक, दोनांचे तीन, तीनांचे तीन, चारांचे तीन, पाचांचा एक आणि सहांचा एक, म्हणजे बारा आणि मूळचा एक. प्रयोगशाळेत मिळतात तेही तितकेच. सहा अणू सरळ रांगेत असते तर एका क्लोरीनचेच तीन पदार्थ झाले असते.

याच्याही पुढची करामत विल्हेल्म कोर्नर यांची. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ इटलीत काम करीत. दोन ब्रोमीन असलेले तीन पदार्थ तीन बाटल्यांत आहेत असे समजा. एकात दोन ब्रोमीन शेजारी शेजारी असणार, एकात एक घर सोडून, एकात अगदी समोरासमोर. पण कोणत्या बाटलीत कोणता? कोर्नर यांनी १८७४ मध्ये असा विचार मांडला की, प्रत्येकात तिसरा ब्रोमीन बसवावा आणि किती वेगवेगळे पदार्थ मिळतात ते पाहावे. समोरासमोरच्या जोडीत तिसरा कोठेही बसवा, एकच मांडणी होते. शेजारच्या जोडीत दोन होतात. एक घर सोडून असलेल्या जोडीत तीन. म्हणजे ज्या बाटलीतून एकच नवा पदार्थ निघेल ती समोरासमोरची, दोन निघतील ती शेजारची, तीन निघतील ती मधली. डोळ्यांना कधीही न दिसलेल्या अणूंच्या जागा केवळ कंकणे मोजून ठरल्या. पुढे १९३७ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी रसायनांचे असे प्रकार मोजण्याची व्यापक रीतच घालून दिली, आणि ती वर सांगितलेल्या सरासरीच्या युक्तीवर उभी आहे.

धागे सहांऐवजी सात असले तर हिशेब उलट सोपा होतो. सातला एक आणि सात याखेरीज भाजक नाही, त्यामुळे लहान तुकड्याची आवृत्ती करून सात धागे भरताच येत नाहीत. १२८ रांगांपैकी दोन एकरंगी बाजूला काढा. उरलेल्या १२६ रांगांचे गट नेमके सातसातांचेच असणार. १८ गट आणि दोन एकरंगी, मिळून वीस कापडे. हेच कोणत्याही मूळ संख्येला आणि कितीही रंगांना लागू आहे. रंगांच्या संख्येचा तितका घात करून त्यातून रंगांची संख्या वजा केली, तर त्या मूळ संख्येने भाग जातोच. फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेला संख्याशास्त्रातला प्रसिद्ध सिद्धांत तो हाच. पट्ट्यांच्या कापडावर तो असा उघड्या डोळ्यांनी वाचता येतो.

आता मोजणी बाजूला ठेवून फेर लावण्याच्या एका प्रश्नाकडे वळू. नवरात्रातले नऊ दिवस भोंडला होतो. प्रत्येक मुलीने दुसऱ्या प्रत्येक मुलीचा हात या नऊ दिवसांत बरोबर एकदा धरावा, कोणी वगळली जाऊ नये नि कोणाची पुनरुक्ती होऊ नये, अशी व्यवस्था करता येईल काय? दोन हात, नऊ दिवस. म्हणजे प्रत्येकीला अठरा शेजारणी मिळणार. तेव्हा मुली एकोणीस हव्यात. हा झाला हिशेब. पण हिशेब जुळला म्हणून व्यवस्था होतेच असे नाही. प्रत्येक जोडी नेमकी एकदा यावी अशा रचना हे गणिताचे एक स्वतंत्र क्षेत्रच आहे, आणि त्यात शरच्चंद्र श्रीखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. ऑयलर यांनी १७८२ मध्ये विशिष्ट आकारांच्या चौकोनी रचनांबद्दल "अशा रचना होणारच नाहीत" असे अनुमान केले होते. ते पावणेदोनशे वर्षे टिकले. राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी १९५९ मध्ये ते खोटे ठरवले. त्यांनी दाखवले की दोनचा आणि सहाचा आकार सोडला तर ऑयलर यांनी अशक्य म्हटलेले बाकीचे सारे शक्य आहेत. न्यू यॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले. २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

भोंडल्याची व्यवस्था होते. तिची रीत वालेकी यांची असून ल्युका यांच्याच गणिती मनोरंजनाच्या ग्रंथातून ती प्रसिद्ध झाली. आधी सात मुली आणि तीन दिवस घेऊन पाहू. सुमनला बाजूला ठेवा आणि बाकीच्यांना १ ते ६ असे क्रमांक घड्याळाच्या तबकडीप्रमाणे गोल मांडून द्या. पहिल्या दिवशी १ पासून निघून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे नागमोडी जा: १, २, ६, ३, ५, ४, आणि ४ व १ यांच्यामध्ये सुमनला उभी करून फेर पुरा करा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक क्रमांक एकाने पुढे: २, ३, १, ४, ६, ५ आणि सुमन. तिसऱ्या दिवशी ३, ४, २, ५, १, ६ आणि सुमन. कागदावर जोड्या लिहून पाहा. एकवीसच्या एकवीस जोड्या, प्रत्येक एकदाच. एकोणीस मुलींसाठी सुमनखेरीज अठरा क्रमांक घ्यायचे. पहिल्या दिवसाचा फेर १, २, १८, ३, १७, ४, १६ असा नागमोडी जात १० वर संपतो, तेथे सुमन. पुढे रोज एकेक क्रमांक वाढवायचा, अठराच्या पुढे पुन्हा एक. देशावर हादगा सोळा दिवस चालतो. तेथे याच रीतीने तेहेतीस मुलींची सोय होते.

मुली वीस जमल्या तर मात्र एक अडचण येते. प्रत्येकीला एकोणीस मैत्रिणी आणि नऊ दिवसांत हात फक्त अठराच. वीस जणींचे नऊ फेर असे लावता येतात की कोणतीही जोडी दोनदा येत नाही आणि प्रत्येकीची नेमकी एक मैत्रीण शिल्लक उरते. तिला दसऱ्याच्या दिवशी सोने द्यावे.